नॉइज बॅरियरचे पाइल: या चुका टाळा

हायवेच्या नॉइज बॅरियरचं, म्हणजे आवाज अडवणाऱ्या भिंतीचं, वजन किरकोळ असतं आणि गडबड तिथूनच सुरू होते. उभा भार तपासायचा, ‘दीड मीटर बोअर (पाइलसाठीचं भोक) पुरे’ लिहायचं आणि मोकळं व्हायचं. पण या पाइलचं, म्हणजे पोस्टखाली जमिनीत ओतलेल्या काँक्रीटच्या खांबाचं, खरं काम वाऱ्यात भिंत उलथू न देणं हे आहे. ४ मीटर उंच भिंत, दर ३ मीटरवर पोस्ट, वाऱ्याचा दाब चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन धरा. एका पोस्टवर १८ किलोन्यूटन आडवा भार येतो, जमिनीपाशी मोमेंट (उलथवणारा जोर) ३६ किलोन्यूटन-मीटर.

पुण्याची एक्सेल शीट नागपूरला चालवू नका. डिझाइनसाठी धरायचा वाऱ्याचा मूळ वेग पुण्यात सेकंदाला ३९ मीटर, नागपुरात ४४. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे थेट सव्वापट.

सगळ्यात चीड आणणारी चूक काळ्या मातीतली. नमुना मे महिन्यात काढलेला, ढेकूळ दगडासारखं. अहवालात कोहीजन (मातीची चिकटून राहण्याची ताकद) ५० किलोपास्कल. ब्रॉम्सच्या पद्धतीने (आडव्या भारासाठी पाइलची खोली काढायची रीत), सुरक्षेसाठी भार दुप्पट धरून, ६०० मिमी व्यासाच्या पाइलला २.३ मीटर खोली येते आणि सगळे खूश. पावसात तीच माती २५ वर आली की ३ मीटर लागतात. ब्रॉम्स वरचा दीड व्यास, म्हणजे ०.९ मीटर, हिशोबात धरतच नाही. भेगाळणाऱ्या मातीत मी १.५ मीटर सोडतो, मग खोली ३.७५ च्या घरात जाते. महाग वाटतं? पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. उन्हाळ्यात भिंत ओळंब्यात उभी असते. पहिल्या पावसात पाइलभोवतीच्या फटीत पाणी मुरतं, वारा पोस्ट हलवतो, फट रुंदावते आणि दसऱ्यापर्यंत पॅनलची रांग वाकडी. मग पायाशी काँक्रीटची कॉलर ओतली जाते. त्याने फट झाकते, एवढंच. पाइल जमिनीपाशी फक्त १ अंश फिरला तरी ४ मीटरवरचं टोक ७० मिमी सरकतं. उलथणं तपासून थांबणाऱ्यांना हा आकडा माहीतच नसतो.

दुसरं दुखणं भरावाच्या काठाचं. ड्रॉइंगमध्ये जमीन सपाट, साइटवर पाइल उताराच्या अगदी कडेला. ज्या मातीने समोरून रेटायचं ती तिथे नसतेच. पाइलसमोर ३ व्यास रुंद माती जिथे मिळते, तिथून मी खोली मोजायला लागतो. २ आडवा १ उभा उतार असेल तर वरचे ०.९ मीटर गेले आणि मोमेंटचा हातही (भारापासूनचं अंतर) तेवढाच लांबला.

बाकीचं थोडक्यात. भिंतीच्या मोकळ्या टोकाजवळ वारा जास्त झोंबतो. तिथले पाइल वेगळे तपासा. सुट्या मुरुमाला खडक समजून बोअर वर थांबवू नका. बोअर रात्रभर उघडा ठेवलात तर कडा सैल होतात. खोदाल त्याच दिवशी भरा. आत पाणी असेल तर ट्रेमी (तळापर्यंत जाणारा काँक्रीट ओतायचा पाइप) लावा, स्लंप (काँक्रीटच्या पातळपणाचं माप) १५० ते १८० मिमी. वरून बादलीने ओतलेलं काँक्रीट पाण्यात धुऊन जातं. पोस्टचे बोल्ट टेम्पलेटमध्ये (भोकं पाडलेल्या साच्यात) बसवा, ओल्या काँक्रीटमध्ये हाताने खुपसू नका. आणि रिग (बोअर पाडायचं यंत्र) उभी करण्याआधी दीड मीटर हाताने खोदून बघा, शोल्डरखाली (रस्त्याच्या कडेच्या पट्टीखाली) ऑप्टिकल फायबरची केबल हमखास सापडते.