जॉब पडला? प्रोग्राम उघडण्याआधी या जेसीएल चुका बघा

मेनफ्रेमवर जॉब पडला की बरेच जण थेट कोबोल प्रोग्रामचा सोर्स उघडून बसतात, पण जेसीएल (जॉबमध्ये कुठला प्रोग्राम कुठल्या फाइलवर चालवायचा ते सांगणाऱ्या ओळी) मध्येच एरर असेल तर त्या स्टेपचा प्रोग्राम सुरूच झालेला नसतो, मग त्यात सापडणार काय? एसडीएसएफमध्ये (जॉबचं आउटपुट बघायचं टूल) जॉबसमोर प्रश्नचिन्ह टाका आणि मेसेज वरून खाली वाचा, पहिला एरर खरा, पुढचे बरेचदा त्याच्यामुळेच आलेले असतात.

कॉमा राहिला तर एरर पुढच्या ओळीवर दिसतो, आणि कॉमानंतर चुकून स्पेस पडली तर उरलेली ओळ सिस्टीम कमेंट समजते. कंटिन्युएशन 4 ते 16 कॉलममध्येच सुरू करा, आणि 71 च्या पुढे काही जाऊ देऊ नका.

कंड (COND) पॅरामीटर, म्हणजे स्टेप सोडायची अट, मात्र भल्याभल्यांना फसवतो. (4,एलटी) म्हणजे "4 हा आधीच्या स्टेपच्या रिटर्न कोडपेक्षा (संपताना तिने दिलेल्या आकड्यापेक्षा) लहान असेल तर ही स्टेप सोडून दे", म्हणजे अट खरी ठरली की स्टेप चालत नाही, उलटा कारभार! 4 आला तर चालेल, 8 आला तर नाही. शिवाय आधी अबेंड झाला असेल (प्रोग्राम मधेच कोसळला असेल) तर कंडमध्ये ईव्हन किंवा ओन्ली दिल्याशिवाय पुढचं काही चालतच नाही. नवीन जेसीएल लिहीत असाल तर सरळ इफ-देन-एल्स वापरा, वाचणाऱ्याचे कष्ट तरी वाचतील.

सगळ्यात जास्त गोंधळ रीस्टार्टला. समजा पहिल्या स्टेपने जीडीजीची (एकाच नावाखाली क्रमाने साठणाऱ्या फाइल) (+1) म्हणजे नवी जनरेशन बनवून कॅटलॉग केली, म्हणजे सिस्टीमच्या यादीत नोंदवली, आणि तिसरी स्टेप पडली, आता तिथूनच रीस्टार्ट करताना तिसऱ्या स्टेपमधला (+1) बदलून (0), म्हणजे सध्याची शेवटची जनरेशन, करावा लागतो, नाहीतर ती फाइल सापडणारच नाही. आणि "जाऊ दे, पहिल्यापासून चालवू" म्हणालात तर आणखी एक जनरेशन तयार होते, मग पुढचा जॉब सगळ्या जनरेशन एकदम वाचत असेल तर डेटा डबल, आणि हे कुठल्याच रिटर्न कोडमध्ये दिसत नाही. साध्या फाइलचं उलट, ती आधीच असते म्हणून डुप्लिकेट नावाचा एरर येतो, त्यासाठी सुरुवातीला आयईएफबीआर14 (स्वतः काहीच न करणारा प्रोग्राम) ची डिलीट स्टेप ठेवा, फाइलचं काय करायचं ते सांगणारा डिस्प (मॉड,डिलीट,डिलीट) देऊन, म्हणजे फाइल असो-नसो, स्टेप पडत नाही.

डी37 हा अबेंड कोड (फाइलची जागा संपली) आला तर बहुतेक सेकंडरी, म्हणजे जादाची, स्पेस दिलेली नसते. बी37 मध्ये दिलेली असूनही पुरलेली नसते, व्हॉल्यूम भरलेला असतो किंवा 16 एक्स्टेंट (जागेचे तुकडे) संपलेले असतात. 806 म्हणजे लोड मॉड्यूल (चालवायला तयार प्रोग्राम) सापडलं नाही, स्टेपलिबमध्ये दिलेली लायब्ररी बघा.

आणि टाइपरन स्कॅन (जॉब न चालवता जेसीएल तपासणं) क्लीन आला म्हणून निर्धास्त होऊ नका, तो फक्त सिंटॅक्स बघतो, फाइल खरंच आहे का ते बघत नाही.