किटमधलं रेडियल इंजिन बरोबर आहे का, कसं बघायचं

विमानाच्या प्लास्टिक मॉडेल किटमध्ये रेडियल इंजिन, म्हणजे शाफ्टभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे सिलिंडर असलेलं इंजिन, आलं की आधी सिलिंडर मोजा. हसू नका, फोर-स्ट्रोक रेडियलमध्ये एका रांगेत सिलिंडर विषमच असतात, ५, ७ नाहीतर ९, त्यामुळे रांगेत ८ दिसले की विषय संपला. बी-१७ बॉम्बरला राइट आर-१८२० इंजिन, एकच रांग, ९ सिलिंडर. बी-२४ बॉम्बरला प्रॅट अँड व्हिटनी आर-१८३०, ७-७ च्या दोन रांगा. आणि मागचे सिलिंडर पुढच्यांच्या फटीतून दिसायला हवेत, बरोबर पाठीमागे लपलेले असतील तर त्यांना हवा लागणार कुठून?

खरी गंमत व्यास मोजताना होते. प्रॅट अँड व्हिटनीच्याच आर-२८०० चा (९-९ च्या दोन रांगा) व्यास साधारण १३४२ मिमी, म्हणजे १/४८ स्केलला जवळपास २८ मिमी आणि १/७२ ला १८.६ यायला पाहिजे. पण एका रांगेवर व्हर्नियर कॅलिपर आडवा लावला की आकडा कमीच येतो, कारण विषम संख्येमुळे एका सिलिंडरच्या समोर दुसरा नसतोच, तिथे फट असते, आणि मग लोक उगाच किटला शिव्या घालत बसतात. दोन रांगांचं इंजिन असेल तर दोन्ही रांगा ब्लू टॅकने (परत निघणारी चिकट पुट्टी) तात्पुरत्या जोडा, पुढच्या सिलिंडरच्या समोर मागच्या रांगेतला येतो, पूर्ण व्यास मिळतो. एकच रांग असेल तर शाफ्टच्या मध्यापासून रॉकर कव्हरच्या (सिलिंडरच्या बाहेरच्या टोकावरचं झाकण) टोकापर्यंत मोजून दुप्पट करा.

तरीही कमी भरला तर बहुतेक वेळा काउलिंग (इंजिनाभोवतीचं पत्र्याचं आवरण) नडलेलं असतं. १/४८ मध्ये १ मिमी प्लास्टिक म्हणजे खऱ्या विमानाला ४८ मिमी जाड पत्रा, मग आत जागा उरत नाही आणि किटवाले इंजिनच बारीक करून मोकळे होतात. अर्ध्या मिमीसाठी मी तरी डोकं खात नाही. किटमधल्याऐवजी वेगळं रेझिनचं इंजिन मागवणार असाल तर आधी काउलिंगचा आतला व्यास बघा, नाहीतर आतून घासत बसावं लागेल.

पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या बारीक दांड्या) साधारण प्रत्येक सिलिंडरला दोन. ब्रिस्टल हर्क्युलिसला मात्र नसतातच, स्लीव्ह व्हॉल्व्हवालं इंजिन आहे ते (नेहमीच्या व्हॉल्व्हऐवजी सिलिंडरमध्ये सरकणारी नळी), त्यावर पुशरॉड दिसले तर समजा साचा दुसऱ्याच इंजिनाचा आहे.

व्हर्जनही बघा. कोर्सेअर फायटरच्या एफ४यू-१ ला आर-२८०० ची बी सिरीज, एफ४यू-४ ला सी, पुढचं गिअर हाऊसिंग वेगळं दिसतं.

फोटो शक्यतो त्या काळातलेच घ्या. सी फ्युरी फायटरचं मूळ इंजिन ब्रिस्टल सेंटॉरस, पण रेसिंगवाल्या काही विमानांत राइट आर-३३५० बसवलंय, तो फोटो समोर ठेवून ताडून बघितलं तर बरोबर असलेलं किटही चुकीचंच वाटणार.