रक्त चढवता येत नाही तेव्हा: आयसीयूतल्या तीव्र अ‍ॅनिमियात या चुका टाळा

हिमोग्लोबिन 100 मिलिलीटर रक्तात 4 ग्रॅमवर आलंय, पेशंट आयसीयूत आहे आणि रक्त चढवता येत नाही. अशी वेळ रोज येत नाही, पण येते. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक श्रद्धेपोटी रक्त नाकारतात. बॉम्बे रक्तगटाच्या माणसाला त्याच गटाचं रक्त लागतं. 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला हा गट भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. साध्या तपासणीत तो 'ओ' असल्यासारखा दिसतो आणि त्या भरवशावर ओ गटाचं रक्त चढवलं तर जिवावर बेततं. अशा वेळी सोशल मीडियावर आवाहन टाकण्याआधी सख्ख्या भावंडांचा गट तपासा. तिथे जुळण्याची शक्यता चारात एक असते.

पण सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे: 'रक्त मिळालं की बघू' म्हणून हातावर हात धरून बसणं. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या आणि रक्त नाकारलेल्या 300 पेशंटच्या नोंदी तपासल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन 7 ते 8 च्या दरम्यान राहिलेल्यांपैकी कुणी दगावलं नाही. 4 ते 5 मध्ये असलेल्यांपैकी महिन्याभरात साधारण एक तृतीयांश गेले. आकडा भीतिदायक आहे खरा, पण दोन तृतीयांश वाचले हेही त्यातच आलं.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे रक्त उपलब्ध आहे, पेशंटची ना नाही, हिमोग्लोबिन 7 च्या खाली आहे, तरी 'नैसर्गिकरीत्या वाढवू' म्हणणं. हा शुद्ध अडाणीपणा. ऑटोइम्यून हिमोलिसिसमध्येही (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडते तो आजार) 'एकही पिशवी जुळत नाही' म्हणून रक्त अडवून धरतात. जीव धोक्यात असेल तर रक्तपेढीशी बोलून त्यातल्या त्यात कमी विरोध दाखवणारी पिशवी जपून देता येते.

सॅच्युरेशन 99 आहे, मग काळजी कसली?

मॉनिटरवरचा 99 हा आकडा नातेवाइकांना धीर देतो, कधी ज्युनिअर डॉक्टरलाही. पण तो एवढंच सांगतो की आहे ते हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं आहे. मुळात ते आहे किती, हे तो सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलीटर ऑक्सिजन वाहतं. म्हणजे हिमोग्लोबिन 15 असेल तर 100 मिलिलीटर रक्तात 20 मिलिलीटर ऑक्सिजन, आणि 4 असेल तर जेमतेम साडेपाच. ओठ निळे पडले का, हे बघण्यातही अर्थ नाही. निळेपणा दिसायला ऑक्सिजन सोडून दिलेलं साधारण 5 ग्रॅम हिमोग्लोबिन लागतं. इथे एकूणच 4 आहे! असा पेशंट पांढराफटक राहूनच गुदमरतो. लक्ष ठेवायचं ते लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक), ईसीजीतले बदल, लघवीचं प्रमाण आणि शुद्धीवर.

म्हणूनच 99 दिसतंय म्हणून ऑक्सिजन घाईने कमी करू नये. शुद्ध ऑक्सिजन दिला की प्लाझ्मात (रक्तातल्या द्रवात) थेट विरघळणारा वाटा दर 100 मिलिलीटर रक्तामागे 0.3 वरून दीड मिलिलीटरच्या आसपास जातो. एरवी हा वाटा नगण्य असतो, पण साडेपाचाच्या जमेत तो मोलाचा ठरतो. दीर्घकाळ एवढा ऑक्सिजन फुप्फुसांना सोसत नाही, तेव्हा हा उपाय थोड्या दिवसांचाच.

तीच गत नाडीची. 130 ची नाडी बघून ती उतरवायला बीटा ब्लॉकर देणं धोक्याचं. हिमोग्लोबिन कमी पडतंय म्हणून हृदय तेच रक्त जोरात फिरवतंय. तो वेग हीच या घडीची भरपाई आहे. त्यापेक्षा ऑक्सिजनचा खर्च कमी करा: ताप उतरवा, हुडहुडी थांबवा, वेदना शमवा, गरज पडली तर गुंगी देऊन व्हेंटिलेटरवर ठेवा. तापाचा एकेक अंश सेल्सियस ऑक्सिजनची मागणी दहा टक्क्यांच्या आसपास वाढवतो आणि हुडहुडी ती दुपटीवर नेऊ शकते.

तपासण्यांतच रक्त घालवणं

या चुकीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. आयसीयूत नुसत्या तपासण्यांसाठी दिवसाला 40 ते 70 मिलिलीटर रक्त निघू शकतं. तांबडी पेशी जगते साधारण 120 दिवस. म्हणजे 5 लिटर रक्त असलेल्या धडधाकट माणसाची अस्थिमज्जाही एरवी दिवसाला साधारण 40 मिलिलीटर रक्ताएवढी भरपाई करते. आजारी माणसाची त्याहून कमी. थोडक्यात, शरीर बनवतं ते आपण नळ्यांत भरतो. जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन-तीन मिलिलीटर जातं, मुलांसाठीच्या नळीत अर्ध्या मिलिलीटरमध्येही काम होतं. धमनीतल्या लाइनमधून नमुना घेताना सुरुवातीचं रक्त कचऱ्यात न टाकता बंद सर्किटमधून परत द्यावं. 'रोज सकाळी सगळ्या टेस्ट' ही ऑर्डर रद्द करावी. नातेवाइकांनी 'ही तपासणी आज लागेलच का?' असं विचारलं तर त्यात उद्धटपणा नाही.

रक्तस्राव कुठून होतोय तेही त्याच दिवशी शोधून बंद करायला हवं. एंडोस्कोपी किंवा शस्त्रक्रिया सोमवारवर ढकलणं परवडत नाही. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं औषध ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड अपघातात आणि बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात पहिल्या तीन तासांत दिलं तर उपयोगी पडतं. जठर-आतड्यांतल्या रक्तस्रावात मात्र 2020 च्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, उलट शिरांत गुठळ्या वाढल्या. तरुण स्त्री असेल तर पाळीचा विचार करावा. आयसीयूच्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

बीटाचा रस, गोळ्या आणि अर्धवट इंजेक्शनं

बीट, डाळिंब, खजूर, गूळ यांचं घरी कौतुक करा. गंभीर आजारात यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते आतड्यातून लोह आत येऊच देत नाही. त्यामुळे रसाचा उपयोग नाही, गोळ्यांचाही फारसा नाही. लोह शिरेतून द्यावं लागतं. 'फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी) भरपूर आहे, लोह नको' हाही घोटाळा नेहमीचा. संसर्गात फेरिटिन आपोआप चढतं, म्हणून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहणारं प्रथिन लोहाने कितपत भरलंय तो आकडा) 20 टक्क्यांच्या खाली आहे का ते पाहावं. रक्तात जंतुसंसर्ग भडकलेला असेल तर लोह कधी द्यायचं हा तज्ज्ञाचा निर्णय.

एरिथ्रोपोएटिन हे तांबड्या पेशी बनवायला चालना देणारं इंजेक्शन पहिल्या दिवशी सुरू करावं, कारण परिणाम दिसायला आठवडा लागतो. ते एकटं देणं मात्र वाया जातं. लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 सोबत हवंच. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या 1,460 आयसीयू पेशंटच्या चाचणीत त्याने रक्ताची गरज कमी झाली नाही आणि गुठळ्या मात्र वाढल्या. म्हणून सरसकट नको, पण जिथे रक्ताचा मार्गच बंद आहे तिथे हा धोका पत्करावा लागतो.

श्रद्धेपोटी नकार असेल तर तो पेशंटकडून, नातेवाइकांना बाहेर पाठवून, एकट्यात समजून घ्यावा. अल्ब्युमिन (रक्तातून वेगळं काढलेलं प्रथिन) चालेल का, ऑपरेशनमध्ये सांडलेलं स्वतःचंच रक्त गाळून परत घ्यायला हरकत आहे का, डायलिसिस चालेल का? याची उत्तरं माणसागणिक वेगळी असतात, म्हणून प्रत्येक गोष्ट वेगळी विचारून लेखी घ्यावी.

हिमोग्लोबिन 8 वर आलं की घरी सोडतात आणि लोहही तिथेच सुटतं. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यानंतरही साधारण तीन महिने लोह चालू ठेवायचं असतं. गोळी चहासोबत घ्यायची नाही, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून मागा.