नाम आधी, क्रियापद नंतर : इंग्रजीतील शब्दजोड्या कशा शिकाव्यात

मराठी शिकणारा एखादा परदेशी माणूस ‘मी सकाळी आंघोळ घेतली आणि मग चहा शिजवला’ असे म्हणाला, तर त्याच्या व्याकरणात बोट ठेवायला जागा नसते. लिंग, वचन, काळ सगळे जागच्या जागी असते. तरीही ऐकणाऱ्याच्या कानाला ते खटकते, कारण मराठीत आंघोळ करतात आणि चहाही करतात, फार तर टाकतात. आपण ‘आय डिड अ मिस्टेक’ म्हणतो, तेव्हा इंग्रजी कानाला नेमके हेच होते. वाक्य कळते, पण मिस्टेक ही ‘डू’ करायची नसून ‘मेक’ करायची असते.

अशा रूढ जोड्यांना भाषाशास्त्रात कोलोकेशन म्हणतात. ही संज्ञा भाषाशास्त्रात रुजवणारे ब्रिटिश अभ्यासक जे. आर. फर्थ हे १९२०च्या दशकात लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, हे त्यांचे म्हणणे आपल्याला नवीन वाटू नये, कारण माणसांविषयी आपण तेच म्हणत आलो आहोत. शिकणाऱ्याने यातून एकच गोष्ट उचलायची : क्रियापद निवडण्याचा अधिकार बोलणाऱ्याकडे नसून नामाकडे असतो. म्हणून ‘मेक’ आणि ‘डू’ यांचे अर्थ घोकण्याऐवजी ‘मिस्टेक’ला कोण चालते आणि ‘होमवर्क’ला कोण चालते, हे विचारावे.

मराठी माणसाची सर्वांत मोठी अडचण ‘करणे’ या क्रियापदाने होते, कारण ते जवळपास कोणत्याही नामाशी जमवून घेते. इंग्रजीत मात्र गृहपाठ करायचा तर ‘डू होमवर्क’, चूक करायची तर ‘मेक अ मिस्टेक’, गुन्हा करायचा तर ‘कमिट अ क्राइम’, सर्वेक्षण करायचे तर ‘कंडक्ट अ सर्व्हे’, मजा करायची तर ‘हॅव फन’, उपवास करायचा तर ‘ऑब्झर्व्ह अ फास्ट’, पोलिसांकडे तक्रार करायची तर ‘लॉज अ कम्प्लेंट’ आणि कोणाचे कौतुक करायचे तर चक्क ‘पे अ कॉम्प्लिमेंट’. एका ‘करणे’ची ही आठ रूपे झाली. काम किंवा कृती असेल तर ‘डू’ आणि त्यातून काही नवे तयार होत असेल तर ‘मेक’, हा शिकवणीत सांगितला जाणारा नियम ‘डू द क्लीनिंग’ आणि ‘मेक अ केक’ यांना लागू पडतो. पण ‘मेक अ फोन कॉल’ किंवा ‘डू डॅमेज’ यांच्यापुढे तो लंगडतो. तो नियम सुरुवातीच्या आधारापुरता ठेवावा, त्यावर विसंबू नये.

‘देणे’ तर कधीकधी अर्थच उलटा करून टाकते. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो. इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो, ब्रिटिश वळणाने ‘सिट’ही करतो, आणि ‘गिव्ह’ करतात ते शिक्षक. त्यामुळे ‘आय गेव्ह ॲन एक्झाम’ हे वाक्य भारताबाहेर वाचणाऱ्याला आपण परीक्षक असल्याचा भास होऊ शकतो. भारतात हे वाक्य सर्रास चालते आणि घरी-दारी ते वापरल्याने काही बिघडत नाही, असे माझे मत आहे. परंतु परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या पत्रात ते टाळलेले बरे. लक्ष देणे मात्र ‘पे अटेन्शन’ होते, आणि एखाद्या ठिकाणी भेट देणे ‘पे अ व्हिजिट’ होते.

या ‘पे’ची गंमत अशी की, आपण जिथे पैसे भरतो तिथे तो येतोच : फी भरणे, दंड भरणे, वीजबिल भरणे या तिन्हींना ‘पे’च लागतो. ‘फिल’ हे क्रियापद फॉर्मसाठी राखून ठेवावे आणि तेही ‘फिल इन’ किंवा ‘फिल आउट’ असे पूर्ण लिहावे. शिवाय जिथे पैशाचा संबंधच नाही, तिथेही ‘पे’ डोकावतो. आपण आदरांजली वाहतो, इंग्रजीत ‘पे ट्रिब्यूट’ करतात.

मराठीतले एक क्रियापद घेऊन त्याची इंग्रजी पांगापांग पाहणे हा उत्तम सराव आहे. ‘बजावणे’ घ्या. कर्तव्य बजावणे म्हणजे ‘डू वन्स ड्यूटी’, नोटीस बजावणे म्हणजे ‘सर्व्ह अ नोटीस’, मतदानाचा हक्क बजावणे म्हणजे ‘एक्सरसाइज द राइट टू व्होट’ आणि महत्त्वाची भूमिका बजावणे म्हणजे ‘प्ले ॲन इम्पॉर्टंट रोल’. ‘काढणे’ त्याहून अघळपघळ आहे : फोटो ‘टेक’ करतात, चित्र ‘ड्रॉ’ करतात, निष्कर्षही ‘ड्रॉ’ करतात, बँकेतून पैसे ‘विथड्रॉ’ करतात, कर्ज ‘टेक आउट’ करतात आणि तिकीट साधेपणाने ‘बाय’ करतात. चित्र आणि निष्कर्ष यांना दोन्ही भाषांनी एकेकच क्रियापद द्यावे, हा योगायोग मला नेहमी आवडतो.

असे योगायोग आणखीही आहेत आणि ते फुकटचे भांडवल समजून आधी गोळा करावेत. वचन, कायदा आणि विक्रम हे तिन्ही मराठीत मोडतात, इंग्रजीतही ‘ब्रेक’च होतात. आपण वचन पाळतो आणि कुत्राही पाळतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘कीप’ चालतो. पण नियम पाळायचे असतील तर हे साम्य तिथेच संपते, कारण ते ‘फॉलो’ करावे लागतात.

कार्यालयातील इंग्रजीत दोन जोड्या विशेष सांभाळाव्यात. ‘उद्या मीटिंग ठेवली आहे’ याचे ‘वी हॅव केप्ट अ मीटिंग’ असे भाषांतर करू नये; मीटिंग ‘होल्ड’, ‘अरेंज’ किंवा ‘शेड्यूल’ करतात. दुसरी जोडी शंकेची. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटल्यावर आपल्याला काही विचारायचे आहे असे न वाटता आपला समोरच्याच्या म्हणण्यावर विश्वास नाही, असे वाटू शकते. विचारायचेच असेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावे, आणि ‘आस्क अ डाउट’ ही जोडी तर सोडूनच द्यावी.

आता वहीविषयी. वही नामांच्या क्रमाने लावावी. ‘डिसिजन’ असे पानाच्या वर लिहून त्याखाली ‘मेक’, ‘टेक’, ‘रीच’, ‘रिव्हर्स’ अशी त्याची क्रियापदे वाचनात भेटतील तशी लिहीत जावीत. यांपैकी ‘टेक अ डिसिजन’ ब्रिटनमध्ये रूढ आहे, अमेरिकेत ‘मेक’च अधिक ऐकू येते, तसेच ब्रिटिश माणूस ‘हॅव अ बाथ’ म्हणतो, तर अमेरिकन ‘टेक अ बाथ’. जोडी लिहिताना मधले ‘अ’ किंवा ‘द’ कधीही गाळू नये, कारण मराठीत उपपदे नसल्याने ते आपल्या हातून हमखास निसटते. ‘टेक अ बाथ’मध्ये ‘अ’ लागतो, ‘हॅव ब्रेकफास्ट’ आणि ‘मेक प्रोग्रेस’ यांत काहीच लागत नाही, ‘मेक द बेड’मध्ये ‘द’ लागतो, आणि ‘मेक फ्रेंड्स’मध्ये मित्र एकच झाला तरी अनेकवचन राहते. जोडी नेहमी भूतकाळी वाक्यात, स्वतःच्या दिनक्रमातील प्रसंगासह लिहावी.

वाचताना नामाखाली रेघ ओढून डावीकडे कोणते क्रियापद आहे ते पाहावे. शिकाऊ विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशातही शोध नामाच्या नोंदीत घ्यावा. ‘मेक’ची नोंद कित्येक रकाने चालते आणि तिथे माणूस हरवतो.

याहून उपयोगी, पण जरा कष्टाचा मार्ग उलट भाषांतराचा आहे. इंग्रजी वर्तमानपत्रातील पाच-सहा ओळींचा परिच्छेद घेऊन त्याचे स्वच्छ मराठी करावे, मूळ कात्रण बाजूला ठेवावे आणि दोन दिवसांनी आपल्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहून मुळाशी ताडून पाहावे. जिथे आपले क्रियापद मुळापेक्षा वेगळे पडले असेल, तिथे ते चूक आहे की दुसरा रूढ पर्याय आहे, हे शब्दकोशात तपासावे, आणि चूक असेल तरच मुळातली जोडी वहीत घ्यावी. आयेल्ट्ससारख्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हा सराव विशेष लाभतो, कारण तिथे लेखन आणि संभाषण दोन्हींत शब्दसंपदा हा चारपैकी एक निकष असतो आणि शब्दांची जुळणी त्यातच पाहिली जाते.

बोलता बोलता जोडी आठवली नाही, तर अडखळत राहू नये. पुष्कळ नामांच्या पोटात स्वतःचे क्रियापद असते. ‘डिसिजन’ला ‘मेड’ की ‘टुक’ असा पेच पडला, तर ‘आय डिसायडेड’ म्हणून मोकळे व्हावे. तसेच ‘शी कम्प्लेन्ड’, ‘दे व्हिजिटेड अस’. अडलेली जोडी मात्र घरी आल्यावर वहीत, त्या नामाच्या पानावर, त्याच दिवशी उतरवावी.