अंगावर लावायचं ईसीजी बनवताय? आधी माणूस मेन्सपासून तोडा

फायनल इयरचे प्रोजेक्ट सुरू झाले की एडी८२३२ चं मोड्यूल (हृदयाचा सिग्नल वाढवणारी चिप), एक आर्डुइनो किंवा ईएसपी३२ (छोटे कंट्रोलर बोर्ड) आणि तीन चिकट इलेक्ट्रोड, हा सेट एक तरी ग्रुप घेतोच. चांगला प्रोजेक्ट आहे, मी स्वतःच मुलांना सुचवतो. पण जवळजवळ सगळे करतात काय, तर यूएसबी केबल लॅपटॉपला, लॅपटॉप चार्जिंगला आणि इलेक्ट्रोड मित्राच्या छातीवर. म्हणजे भिंतीतल्या २३० व्होल्टपासून, म्हणजेच मेन्सपासून, मित्राच्या छातीपर्यंत सलग रस्ता झाला, आणि मध्ये आहे काय तर फक्त चार्जरच्या आतलं इन्सुलेशन. चार्जर लोकल असेल तर ते इन्सुलेशन कसलं आहे हे कुणालाच माहीत नसतं.

बरं, चार्जर एकदम चांगला असला तरी प्रश्न मिटत नाही. मेटल बॉडीच्या लॅपटॉपवर हात फिरवला की कधीकधी झिणझिण्या येतात ना, ते बहुतेक चार्जरमधल्या वाय कपॅसिटरमुळे (नॉइज कमी करायला मेन्सच्या बाजूपासून आउटपुटच्या बाजूला जोडलेला कपॅसिटर). तो २.२ नॅनोफॅरडचा धरा आणि २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर हिशोब करा, साधारण १६० मायक्रोअँप येतात. आणि आयईसी ६०६०१-१ हे वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षेचं स्टँडर्ड, म्हणजे आपल्याकडचं आयएस १३४५०, बीएफ टाइपच्या (शरीराला लागणाऱ्या, पण थेट हृदयाशी न जोडायच्या) उपकरणाला पेशंटमधून नॉर्मल स्थितीत १०० मायक्रोअँपच जाऊ देतं, एखादा फॉल्ट असताना ५००. थेट हृदयाशी जोडायच्या सीएफ टाइपला तर १० आणि ५०. म्हणजे चार्जर धडधाकट असतानाच आपण मर्यादेच्या बाहेर जाऊ शकतो! हाताला नुसत्या झिणझिण्या येतात कारण कोरडी कातडी बराच करंट अडवते, पण इलेक्ट्रोडची जेल आणि घाम तोच अडथळा काढून टाकतात. "सर, लॅबला आरसीसीबी आहे" असं मुलं सांगतात, पण तो गळतीचा करंट दिसला की सप्लाय तोडणारा स्विच ३० मिलिअँपला ट्रिप होतो, ते १०० मायक्रोअँपच्या ३०० पट झालं.

मग करायचं काय? सगळ्यात सोपं आणि मला सगळ्यात आवडणारं म्हणजे वायरच ठेवायची नाही. ईएसपी३२ ला छोटी लिथियम बॅटरी द्या आणि डेटा ब्लूटूथने मोबाईलवर घ्या. फक्त एक गोष्ट, चार्जिंग चालू असताना ते अंगावर असता कामा नये, कारण चार्जिंगची पिन लावली की बॅटरीवालं उपकरण परत मेन्सवालं झालं. "चार्जिंगला लावून घालू नका" असं लेबल चिकटवून भागत नाही, लोक घालतात. त्यापेक्षा चार्जिंगचा सॉकेट कातडीकडच्या बाजूला ठेवा, म्हणजे पट्टा काढल्याशिवाय केबल लागणारच नाही. आणि टीपी४०५६ चं (लिथियम सेल चार्ज करणारं) मोड्यूल वापरताय तर त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर बदला, त्याने १ अँपचं चार्जिंग होतं, दीडशे एमएएचच्या सेलला ते फार झालं. १० किलोओहम लावला की १३० मिलिअँपवर येतं.

केबल हवीच असेल तर यूएसबी आयसोलेटर (डेटा जाऊ देतो, पण दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवतो) घ्या, पण बघून घ्या. एडीयूएम३१६० ची चिप २५०० व्होल्टची आहे, एडीयूएम४१६० ची ५०००. स्वस्त बोर्डवर चिप बरी असते पण शेजारी बी०५०५एस सारखा छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर (पलीकडच्या बाजूला सप्लाय देणारा) असतो, त्याचं आयसोलेशन एक-दीड हजार व्होल्ट डीसीच्या टेस्टपुरतं, आणि संरक्षण शेवटी सगळ्यात कच्च्या भागाइतकंच मिळतं. मेन्स आणि पेशंटच्या मध्ये स्टँडर्डला दोन पातळ्यांचं संरक्षण लागतं, म्हणजे ४००० व्होल्ट एसीची टेस्ट, पीसीबीच्या पृष्ठभागावरून ८ मिमी अंतर आणि हवेतून ५ मिमी. स्वतः बोर्ड काढत असाल तर आयसोलेटरच्या खालून ग्राउंडचं कॉपर अजिबात नेऊ नका, ही चूक मी दरवर्षी बघतो.

इलेक्ट्रोडच्या सिरीजमध्ये रेझिस्टर हवेतच. पेशंटमधून डीसी १० मायक्रोअँपच्या आत ठेवायचा, सप्लाय ३.३ व्होल्ट, म्हणजे ३३० किलोओहम तरी पाहिजेत. उजव्या पायाचा इलेक्ट्रोड सर्किटकडून ड्राइव्ह होतो, तिथे ३६० किलोओहम लावा.

अंगावर लावायच्या आधी मोजा. तिन्ही लीड एकत्र बांधा, तिथून १ किलोओहमचा रेझिस्टर लॅबच्या खात्रीच्या अर्थिंग टर्मिनलला, आणि मल्टीमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांना. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँप. टू-पिन प्लग असेल तर उलटा करून परत बघा. हे करताना लॅब असिस्टंट शेजारी पाहिजे आणि लीड कुणाच्याही अंगावर नकोत. आकडा कमी आला तरी इन्सुलेशन फाटणार नाही याची ही टेस्ट नाही, तेव्हा खऱ्या पेशंटवर लावायचं नाही, पेसमेकरवाल्या माणसावर तर नाहीच नाही.

आता डेमोचा दिवस. आमच्या एका ग्रुपने चार्जर आठवणीने काढला होता, लॅपटॉप बॅटरीवर, सगळं बरोबर. एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) म्हणाले मोठ्या स्क्रीनवर दाखवा, तर लगेच प्रोजेक्टरची एचडीएमआय लावली आणि इलेक्ट्रोड अजून मुलाच्या छातीवरच! प्रोजेक्टर मेन्सवर, म्हणजे रस्ता परत जोडला गेला. मी ओरडूनच केबल काढायला लावली. लॅनच्या केबललाही तेच लागू, आणि सीआरओच्या (ऑसिलोस्कोपच्या) प्रोबची ग्राउंड क्लिप तर सरळ अर्थिंगलाच जोडलेली असते, माणूस जोडलेला असताना ती सर्किटला लावूच नका.

आणि लीडची टोकं. अमेरिकेत १९८६ आणि १९९३ मध्ये मॉनिटरच्या लीडच्या उघड्या पिना चुकून लाइव्ह वायरला जोडल्या गेल्या आणि लहान मुलं गेली, त्यानंतर १९९७ मध्ये एफडीएने (तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामकाने) तशा पिनांवर नियम आणला. म्हणून इलेक्ट्रोडला लागणाऱ्या लीडचं दुसरं टोक जंपर वायरच्या उघड्या मेल पिनचं ठेवू नका, पूर्ण झाकलेला कनेक्टर लावा, जो भिंतीतल्या सॉकेटमध्ये कसाही घातला तरी जाणार नाही.