चार्ज ८० टक्के, तरी गाडी मेलेली? छोट्या बॅटरीच्या या चुका टाळा

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी मोठ्या भावाची ईव्ही फोंड्याच्या घरी उठेचना. तो बोटीवर असतो, चार महिने गाडी अंगणात पत्र्याखाली तशीच उभी, सुट्टीवर येऊन बघतो तर रिमोट चालत नाही, दार उघडत नाही, आणि जाताना चार्ज तर ८० टक्के ठेवलेला. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं फळं-पानांचं सामान शेवटी माझ्या स्कूटरवर आणलं. त्या दिवशी आम्ही काय काय घोळ घातले ते लिहितो.

मुळात गाडी बंद असताना खालची मोठी बॅटरी कॉन्टॅक्टरने, म्हणजे एका दणकट रिलेने, तोडलेली असते. तो रिले ओढायला, लॉक उघडायला, कॉम्प्युटर जागे करायला लागते ती साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी. हायब्रिडमध्येही तेच. कोठी तांदळाने भरलेली पण चावी हरवलेली, अशी गत.

रिमोटच्या पोटात लोखंडी चावीचं पातं असतं, हे घरात कोणाला माहीतच नव्हतं. चावीचं भोक कधी कधी हँडलवरच्या टोपणाखाली लपलेलं असतं, ते आधीच शोधून ठेवा.

मग आम्ही केली मोठी चूक, चार्जर लावला. रात्रभर. काही नाही. बऱ्याच गाड्यांत चार्जिंग सुरू व्हायलाच ती १२ व्होल्टवाली जिवंत लागते, त्यामुळे वाट बघून फायदा नाही.

शेजारचे काका म्हणाले, 'अरे सेकंडमध्ये टाक, आम्ही ढकलतो.' काका, क्लच कुठेय? इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर करंटशिवाय सुटतही नाही, आणि हायब्रिडचं इंजिनही कॉम्प्युटर जागा झाल्याशिवाय फिरत नाही. दोरी बांधून ओढू तर अजिबात नका, चाकं फिरली की मोटर वीज बनवायला लागते. न्यायचीच असेल तर फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणाऱ्या ट्रकवर.

आता जंपर, म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरून वायरीने करंट देणं. इथे घाई केली तर खिसा कापला जातो. बॅटरी कधी बॉनेटखाली, कधी सीटखाली, कधी डिकीत असते, टोयोटाच्या जुन्या प्रियसमध्ये डिकीत होती आणि डिकीचं लॉक त्याच बॅटरीवर, म्हणून जंपसाठी वेगळा पॉइंट बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये दिलेला. तुमच्या गाडीचा पॉइंट कुठे ते मॅन्युअलमध्ये बघा. लाल प्लसला, काळी वायर बॉडीच्या कोऱ्या धातूला, बॅटरीच्या मायनसला नको, ठिणगी उडू शकते. उलटं लावलं तर फ्यूज उडेल, नशीब वाईट असेल तर मोठ्या बॅटरीवरून छोटी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टरच जाईल, आणि ते बिल बघून पुढची चवथ उपाशी जाईल. नारिंगी जाड वायरींना हात लावायचा नाही, त्या हाय व्होल्टेजच्या. इथे स्टार्टर फिरवायचा नसतो, फक्त कॉम्प्युटर जागे करायचे, म्हणून छोटा जंप पॅकही बहुतेक पुरतो. मात्र आपल्या ईव्हीवरून दुसऱ्याची पेट्रोल गाडी जंप करून देण्याचं पुण्य कमवू नका, बरेच मॅन्युअल सरळ नाही म्हणतात.

गाडी जागी झाली की लगेच बंद करू नका. डॅशवर रेडी यायला हवं, नुसते दिवे लागले म्हणजे रेडी नाही, त्यात गाणी ऐकत बसलात तर छोटी बॅटरी परत रिकामी. रेडीमध्ये तासभर ठेवा. मल्टीमीटर असेल तर तेव्हा टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवं. साडेबाराच्या खालीच घुटमळत असेल तर कन्व्हर्टर भरत नाहीय, वर्कशॉप गाठा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उठवायच्या आधी १२.५ च्या वर असेल तर ठीक, १२.२ च्या खाली आली तर बॅटरी थकलीय किंवा कुठेतरी करंट गळतोय.

नवीन घेताना 'साधी बसव, स्वस्त पडते' ऐकू नका. मूळची एजीएम (आत काचेच्या तंतूंच्या चटईत ॲसिड शोषून ठेवलेली सीलबंद बॅटरी) असेल तर एजीएमच, आणि ती केबिनच्या आत असेल तर गॅस बाहेर नेणारी नळी परत जोडलीय ना बघा. आपल्या खारट हवेत आणि पावसात टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो तोही अधूनमधून साफ करा.

भावाच्या गाडीत चोर निघाला डॅशकॅम, पार्किंग मोडसाठी थेट फ्यूजला जोडलेला, दिवसरात्र जागा. तो काढला. आता बोटीवर जाताना मोठी बॅटरी निम्मी ठेवून, मॅन्युअल बघून छोटीचं मायनस टर्मिनल सोडवून जातो, आणि चावीचं पातं आईच्या देव्हाऱ्यात.