घटस्फोटात शेती, सोने आणि कर्जाची वाटणी करताना या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बैठकीत लिहिलेली फारकत. दोन्हीकडची जाणती माणसे बसतात, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर मजकूर होतो, नोटरीचा शिक्का पडतो, आंदणाची आलमारी आणि भांडी टेम्पोत भरली जातात आणि विषय मिटला असे दोन्ही घरे समजतात. समाजात घटस्फोटाची रूढी आहे हे न्यायालयात सिद्ध करता आले नाही, तर हिंदू विवाह कायदा, 1955 नुसार त्या कागदाने लग्न मोडत नाही आणि पुढे कोणी दुसरे लग्न केले तर तेही अवैध ठरते. किमान वर्षभर वेगळे राहिलेल्या पतिपत्नींना समजुतीने मोकळे व्हायचे असेल, तर त्याच कायद्याच्या कलम 13-ब खाली कुटुंब न्यायालयात, आणि ते नसेल तेथे दिवाणी न्यायालयात, दोघांनी मिळून अर्ज करावा व वाटणीच्या अटी त्या अर्जातच लिहाव्यात. गोंड, कोरकू, कोलाम अशा अनुसूचित जमातींना मात्र हा कायदा सहसा लागू होत नाही; त्यांच्या बाबतीत रूढीच पाहिली जाते.

नवऱ्याच्या वावरात निम्मा हिस्सा मिळेलच, हा समजही घातक आहे. आपल्याकडे लग्नामुळे पतीची मालमत्ता निम्मी पत्नीची होत नाही आणि घटस्फोटानंतर तिचा वारसाहक्कही संपतो. मुलामुलींचा मात्र कायम राहतो. तिच्या हाती राहते ते स्त्रीधन (लग्नात व नंतर तिला मिळालेले दागिने, भेटवस्तू), स्वतःच्या नावावरची मालमत्ता आणि पोटगी, म्हणजे आपल्या बोलण्यातली खावटी. सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून तिचे नाव आधीच लागले असेल, तर घटस्फोटाने ते आपोआप कमी होत नाही. म्हणून घाईने हक्कसोडपत्रावर सही करू नये.

सोन्याबाबतची चूक मी फार जवळून पाहिली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका ताईंनी माझ्यासमोर घडी पडून फाटत आलेली एक पावती ठेवली होती. मृगाच्या पेरणीसाठी त्यांची पोत आणि कानातले बँकेत तारण ठेवले होते. पावतीवर वजन होते, पण नाव नवऱ्याचे होते. पुढे सोने त्यानेच सोडवले आणि बायकोचे सोने कधी नव्हतेच, असे घरच्यांनी सांगितले. वडिलांनी जपून ठेवलेले सराफाचे बिल, लग्नातले फोटो आणि पावतीवरचे वजन जुळले, म्हणूनच त्यांची बाजू टिकली. स्त्रीधन पतीच्या ताब्यात असले तरी ते पत्नीचेच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच स्पष्ट केले आहे. अडचणीत वापरलेले स्त्रीधन पतीने परत केले पाहिजे, हेही 2024 च्या निकालात पुन्हा सांगितले आहे. पेरणीची निकड खरीच असते, पण तारणाच्या पावतीचा फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवण्यात नवऱ्यावरचा अविश्वास नाही.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे कर्ज. वावर सासऱ्याच्या नावावर, ट्रॅक्टर दिराच्या नावावर आणि बचत गटाचे कर्ज मात्र सुनेच्या नावावर, अशी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. ते पैसे बोअरला किंवा विहिरीच्या मोटारीला लागलेले असतात. ‘हप्ते मी भरीन’ असे नवऱ्याने तडजोडीत लिहून दिले, तरी बँक त्याने बांधली जात नाही. हप्ता थकला की दार तिचेच ठोठावले जाते. म्हणून सही करण्याआधी कर्ज फेडून नो-ड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचा दाखला घ्यावा किंवा तेवढी रक्कम एकरकमी पोटगीत वाढवून मागावी. सोसायटीच्या पीककर्जाला कोण जामीन आहे, हेही त्याच वेळी पाहावे.

अर्ज दाखल होण्याच्या तोंडावर जमीन भावाच्या नावावर करणारे पतीही चूकच करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानुसार पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर सांगावी लागतात आणि खोटे शपथपत्र अंगलट येते. पोटगी दरमहा ठरवताना कापूस आणि सोयाबीनचा पैसा दरमहा येत नाही, हे दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावे. दिवाळी ते संक्रांत या काळात मोठा हप्ता आणि एरवी लहान, अशी समजूत अधिक टिकते असे मला वाटते. हप्ते बुडण्याची भीती असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली पतीच्या जमिनीवर पोटगीचा बोजा ठेवण्याची मागणी करता येते.

जमीन देण्याचे ठरले असेल, तर ‘नाल्याजवळचे दोन एकर’ असे लिहू नये. गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा आणि विहिरीच्या पाण्याचा वाटा लिहावा, नाहीतर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील नावाचा बदल अडतो. जमीन भोगवटादार वर्ग-2 ची, म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली असेल, तर हस्तांतरणाला परवानगी लागू शकते, ती आधी तपासावी.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून बैठकीचा कागद मान्य करण्याची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. जाताना सातबारा, आठ-अ, बँक पासबुक, बचत गटाचे कर्जपुस्तक, लग्नपत्रिका आणि दागिन्यांची वजनासह यादी सोबत न्यावी.